डावीकडे बघा

त्या जूनमध्ये नदी रोज सकाळी धक्क्याची एकेक पायरी गिळत होती. सोमवारी मी तिकिटांची पेटी घेऊन खाली उतरले तेव्हा सात पायऱ्या कोरड्या होत्या. गुरुवारी चार. मिसिसिपीच्या काठावर अख्खं आयुष्य काढलेल्या माणसाला पाणी वाढल्याचं नवल नसतं. पण त्या वर्षी, म्हणजे त्र्याण्णव साली, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि गावात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. कामावरून घरी जाताना लोक उगाच वाकडी वाट करून नदीवर यायचे, गाडीत बसूनच पाणी बघायचे आणि एक शब्द न बोलता निघून जायचे.

मी आर्डिथ क्लोस्टर. आमच्या स्टॅनहोप लँडिंगला ‘प्रेअरी बेल’ नावाची पर्यटकांची बोट आहे. तिच्यावर सोळा उन्हाळे मी माइकवरून गावाचा इतिहास सांगितला. जर्मनीहून आलेल्या एका कारागिराने नदीतल्या शिंपल्यांतून शर्टाची बटणं कशी कातली, त्या बटणांवर टेकडीवरचे बंगले कसे उभे राहिले, टेकडी चढून यायचा कंटाळा आलेल्या एका सावकाराने तारेवर सरकणारा डबा कसा बसवून घेतला, दारूबंदीच्या काळात आमची बिअरची भट्टी सरबतं विकून कशी तगली, हे सगळं. अकराची फेरी, दोनची फेरी. धरणापर्यंत खाली जायचं, वळायचं, परत यायचं. तासाभरात आटोपतं.

त्याच्या आदल्या पानगळीत ती बोट ट्रेंट ओस्टरमन नावाच्या शिकागोच्या माणसाने विकत घेतली. वय पस्तीस, बूट नेहमी पांढरे. मे महिन्यात तो एक कॅसेट घेऊन आला. रेडिओवरच्या कुणा भारदस्त माणसाच्या आवाजात आमच्या गावाचा इतिहास.

“तुम्ही दर वेळी वेगळं सांगता, मिसेस क्लोस्टर,” तो म्हणाला. “परवा त्या बंगल्याला बावीस खोल्या होत्या. काल सव्वीस झाल्या.”

“सांगताना वाढतात रे त्या,” मी म्हटलं.

तो हसला नाही. माइकवरून माझी बदली मक्याच्या लाह्यांच्या मशीनवर झाली.

आता व्हर्लिनबद्दल सांगायला हवं. व्हर्लिन हाक आमच्या बोटीचा कप्तान. अठ्ठावीस वर्षं त्याने नदीवर टग चालवली होती. धान्याने भरलेल्या पंधरा-पंधरा पोलादी बार्ज, म्हणजे इंजिन नसलेल्या सपाट मालवाहू होड्या, एकत्र बांधून पुढे ढकलत न्यायच्या, महिनाभर पाण्यावर, महिनाभर घरी. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, कॉरीनला, अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. व्हर्लिनने टग सोडली आणि रोज संध्याकाळी घरी जाता येईल म्हणून आमची बोट धरली. आमच्या बोटीला मागे मोठं लाल चाक आहे, फोटो काढायला झकास. पण ते नुसतं शोभेचं. पाणी लागलं की फिरतं. बोट चालते पोटातल्या दोन डिझेल इंजिनांवर.

“आर्डिथ,” तो मला एकदा म्हणाला होता, “जत्रेतल्या लाकडी घोड्यांच्या चक्रात खरा घोडा जुंपला तर कसं होईल, तसं माझं झालंय.”

एप्रिलमध्ये त्याला जुन्या कंपनीतून फोन आला, परत ये म्हणून. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेव्हापासून त्याचा पाय एका जागी ठरेना. फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो धक्क्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. नदीवरून जाणाऱ्या प्रत्येक टगचं नाव न बघता सांगायचा आणि मग कुणीतरी अपमान केल्यासारखा थुंकायचा.

मी अधूनमधून कॉरीनकडे जायचे. ती म्हणायची, “लोकांना वाटतं, मी लुळी पडले आणि तो मला सांभाळतोय. अगं, सांभाळतेय मी! स्वयंपाकघर ते पडवी, पडवी ते स्वयंपाकघर, सारखा चालतो. त्या बुटांच्या आवाजाने माझं उरलेलं डोकंही जाईल.”

“जा म्हणून सांग ना त्याला.”

“सांगितलं. म्हणतो, तुला टाकून जाणारा मी कोण. आता नवऱ्याला चांगुलपणा सोड म्हणून कसं सांगायचं, तूच सांग.”

त्या गुरुवारी सकाळी रॉकफर्डहून चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींची बस येणार होती. चौऱ्याऐंशी माणसं, बहुतेक सत्तरीतली. नदी सरकारने अजून बोटींसाठी बंद केली नव्हती. आज होईल, उद्या होईल असं चाललं होतं. नगरपालिकेची माणसं पूरभिंतीच्या फटींत लोखंडी फळ्या बसवत होती. पाण्यावरून अख्खी झाडं मुळांसकट वाहत चालली होती.

“आज नाही न्यायची,” व्हर्लिन ट्रेंटला म्हणाला.

“माणसं दीड तास बसमधून आलीत, कप्तान. आणि नदी उघडी आहे.”

“नदी नेहमीच उघडी असते. प्रश्न तो नाही.”

बराच वेळ दोघांचं चाललं होतं. शेवटी व्हर्लिन म्हणाला, “धरणाकडे मी जाणार नाही. या ओढीत एक इंजिन बंद पडलं तर थेट दरवाज्यांवर जाऊन आदळू. वरच्या अंगाला तीन मैल नेतो आणि परत आणतो. नसेल पटत तर तू चालव.”

ट्रेंटने खांदे उडवले. “वर तर वर. नदी ती नदीच.”

“आणि कॅसेट?” मी विचारलं. “ती खालच्या रस्त्याची आहे.”

“लावा हो. लोकांना मागे काहीतरी आवाज लागतो, एवढंच.” आणि तो बसवाल्याशी बोलायला निघून गेला. बोटीवर आलाच नाही.

आम्ही निघालो. कॅसेटमधला माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, “आता डाव्या हाताला बघा, सुप्रसिद्ध धरण आणि त्याचे भव्य दरवाजे!” डाव्या हाताला पेंड तयार करायचा कारखाना होता आणि त्याचा वास. लोक आधी गोंधळले, मग हसायला लागले. “समोर गरुड घिरट्या घालताना दिसतील,” माणूस म्हणाला. समोर धान्याच्या कोठारावर कबुतरं बसली होती.

पहिल्या रांगेत काठी घेऊन एक आजी बसल्या होत्या. गळ्यात नावाची चिठ्ठी होती, ओपल ग्रुंडी. त्यांनी काठी आपटली. “अहो बाई, हा माणूस कुठल्या गावाबद्दल बोलतोय? त्याला खाली उतरवा नाहीतर आम्हाला उतरवा.”

मी लाह्यांचं मशीन बंद केलं, कॅसेटची वायर ओढली आणि माइक हातात घेतला. महिनाभराने.

मी नेहमीच्या गोष्टींनी सुरुवात केली, बटणांच्या. दहा मिनिटं झाली असतील. डोक्यावरच्या सुकाणूच्या खोलीत वायरलेस एकदम खरखरला. पाठोपाठ आमच्या खलाशाची, ड्वेनची, धाडधाड पावलं वाजली. तो चाळिशीतला, एरवी गाईसारखा संथ. तो धावताना मी कधी पाहिला नव्हता.

“वरच्या वळणावर बांधलेल्या बार्ज सुटल्यात,” माझ्या कानाशी लागून तो म्हणाला. “तीन, एकमेकींना बांधलेल्या. भरलेल्या आहेत. मागे टग नाही, काही नाही. कप्तान म्हणतो, दहा मिनिटं.”

बोट तेव्हाच डावीकडे वळायला लागली होती. डाव्या अंगाला, आयोवाच्या काठाजवळ, एक लांबट बेट आहे. त्या दिवशी ते पूर्ण बुडालेलं होतं, नुसते झाडांचे शेंडे वर. व्हर्लिनच्या मनातलं मला कळलं. मुख्य प्रवाहातून बाहेर पडायचं आणि झाडांत घुसायचं. जवळजवळ पोचलोही होतो, तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला आणि पायाखालची फळी थरथरली. बुडालेला ओंडका. एक इंजिन गेलं. दुसऱ्याच्या जोरावर व्हर्लिनने बोटीचं नाक कसंबसं झाडांत खुपसलं आणि बोटीची डावी बाजू शेंड्यांना टेकवली. ड्वेनने दोन जाड खोडांना दोरखंड टाकले. आम्ही अडकलो, पण उजवी बाजू अजून उघड्या प्रवाहाकडेच होती.

आणि त्याच वेळी कुणीतरी ओरडलं, “ते बघा! ते काय येतंय?”

दूर वळणावर एक काळी भिंत आडवी होऊन येत होती, स्वतःभोवती संथपणे फिरत. माणसं उठली. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी उजव्या कठड्याला जाऊन भिडली. काहींनी कॅमेरे काढले.

बोट कलली. मशीनमधल्या लाह्या घरंगळून उजव्या बाजूला जमा झाल्या. कठड्याखाली पाणी हातभर अंतरावर आलं. डावीकडचे दोरखंड ताणून करकरायला लागले.

वरून बोलायच्या नळीतून व्हर्लिनचा आवाज आला. ओरडत नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. “आर्डिथ, त्यांना डावीकडे घे. त्या बार्ज गेल्या की लाट येईल. बोट अशीच कललेली राहिली तर पाणी आत येईल. पण पळवू नकोस त्यांना. सगळे एकदम पळाले तर दोरखंड तुटतील.”

मी माइक तोंडाशी धरला. ‘धोका आहे’ असं म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मला त्या म्हाताऱ्या पाठी बघून दिसत होतं. डोकं रिकामं झालं होतं. बटणं, बंगले, भट्टी, काही आठवेना. आठवली फक्त माझी आजी, लेना. तिची गोष्ट मी सोळा वर्षांत बोटीवर कधी सांगितली नव्हती. आमच्या घरातसुद्धा ती गोष्ट पुरुषमंडळी उठून गेल्यावरच निघायची.

“मंडळी,” मी म्हटलं, “ते लोखंड आहे. लोखंड रॉकफर्डलाही मिळतं. पण तेरा वर्षांच्या पोरीने एका घराच्या किमतीचा मोती जिथे गिळला, ती जागा तुम्ही पाहिली आहे का? डावीकडे बघा. ते उंच झाड, दुभंगलेलं. त्याच्या खालीच.”

कुठलं झाड होतं ते मला अजूनही माहीत नाही. पण एक दुभंगलेलं झाड तिथे होतं खरं.

तीन-चार माना वळल्या. बाकीच्या नाही. ओपल ग्रुंडींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कठड्याखालच्या पाण्याकडे. म्हातारीला सगळं कळलं होतं. त्या उठल्या आणि काठी टेकत डावीकडे चालायला लागल्या.

“काय रे, बार्ज कधी बघितल्या नाहीत का?” जाता जाता त्यांनी एका ढेरपोट्या गृहस्थाला कोपर मारलं. “चल, मला धर. मला ते झाड बघायचंय. गिळला म्हणजे? का गिळला?”

“लपवायला,” मी म्हटलं. “हळू या, कठड्याला धरून, एकेक जण. जागा सगळ्यांना आहे. एकोणीसशे सात साल. या बेटावर चाळीस तंबू होते. नदीतून शिंपले काढायचे, कढईत उकळायचे, मांस फेकायचं, कवच कारखान्याला विकायचं. वास असा की कावळेसुद्धा वळसा घालून जायचे. तिथे माझी आजी लेना शिंपले उघडत बसायची. एके दिवशी मांसात बोटांना काहीतरी कडक लागलं आणि वाटाण्याएवढा मोती हाताला आला. गुलाबी झाक असलेला.”

“अरे देवा,” कुणीतरी म्हणालं. आणखी दहा-बारा जण सरकले. बोट किंचित सरळ झाली. मी नदीकडे पाहत नव्हते. पाहिलं असतं तर आवाज फुटला असता.

“बाप दारुडा. त्याला कळलं असतं तर मोती रात्रीत बाटलीत गेला असता. शनिवारी शिकागोचा खरेदीदार यायचा, गवती टोपी घालून. शनिवार उजाडायला दोन दिवस. तंबूत लपवायला जागा नाही. तिने मोती गालात ठेवला. दोन दिवस! जेवताना गालात, बोलताना गालात. आई म्हणाली, दाढ दुखते का? तिने मान हलवली. शनिवार उजाडला. गवती टोपीवाला होडीतून उतरला. लेना धावत निघाली, आणि वाटेत बाप उभा. म्हणाला, पोरी, तोंडात काय आहे?”

“आणि तिने गिळला!” मघाचा ढेरपोट्या ओरडला. तो आता डाव्या कठड्यालाच होता. त्याच्यामागे सगळे होते.

“गटकन. मग बापाला सांगावंच लागलं. आणि बापाने सगळ्या छावणीला सांगितलं. चाळीस तंबूंतली माणसं आपलं काम टाकून एका पोरीच्या मागे भांडं घेऊन फिरायला लागली. कुणी सुकलेले आलुबुखार आणले, कुणी एरंडेल. गवती टोपीवाला खोक्यावर बसून राहिला. म्हणाला, मला घाई नाही. आता चर्चच्या मंडळींसमोर मी याहून जास्त काय—”

सगळे खो-खो हसत असतानाच त्या आल्या. उजवीकडचा पलीकडचा काठ दिसेनासा झाला. बार्ज आमच्यापासून साठ-सत्तर फुटांवरून गेल्या, गंजलेलं पोलाद, आवाज जवळजवळ नाहीच. बेटाच्या टोकावरची झाडं मात्र काड्यांसारखी मोडली. मग लाट आली. “धरा!” वरून व्हर्लिन गरजला. बोट वर उचलली गेली, झाडांवर आपटली, खिडकीची काच फुटली, आणि एक दोरखंड बंदुकीसारखा आवाज करून तुटला. दुसरा टिकला. पाणी उजव्या बाजूने आत आलं, घोट्यापर्यंत, आणि परत गेलं.

कुणी ओरडलं नाही. एक बाई रडत होती, तिच्याभोवती तिघीजणी होत्या.

“मग?” ओपल ग्रुंडी म्हणाल्या. त्यांचे केस भिजून कपाळाला चिकटले होते. “निघाला की नाही?”

“सोमवारी,” मी म्हटलं. “पण पोटातल्या आम्लाने खाल्लेला. खडूच्या गोळीसारखा पांढराफटक. खरेदीदाराने बघितला आणि परत दिला. आजी म्हणायची, निदान बापाच्या घशात नाही गेला, माझ्या घशात गेला.”

शेरीफच्या होड्या यायला दोन तास लागले. तोवर लाह्या फुकट वाटल्या. डास फोडून खात होते. त्या मंडळींनी गाणं सुरू केलं आणि मग थांबेनात.

मी वर गेले. व्हर्लिन सुकाणूला टेकून बसला होता, एकटाच. तीन वर्षांत मी त्याला तिथे बसलेला पहिल्यांदाच पाहत होते.

“एक सांगू?” तो म्हणाला. “बार्ज दिसल्या ना, तेव्हा मला आनंद झाला. खाली एवढी माणसं आणि मला आनंद! हे काय माणसाचं लक्षण आहे?”

मी त्याच्या शेजारी टेकले. मग म्हटलं, “मलाही झाला. माइक हातात आला तेव्हा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते. जीव वाचल्यावर येतं तसलं.

पुढच्या आठवड्यात नदी बंद झाली आणि बरेच आठवडे बंदच राहिली. पूरभिंत टिकली, पण गावातल्या बटणांच्या संग्रहालयाच्या तळघरात पाणी आलं. आम्ही रांग करून बटणांचे खण वरच्या मजल्यावर पोचवले. ट्रेंटही आला. त्याचे बूट त्या दिवशी पहिल्यांदा तपकिरी झाले.

“मिसेस क्लोस्टर,” खण हातात घेऊन जिन्यात उभा राहून तो म्हणाला, “रॉकफर्डहून पत्रं आलीत. ती गोष्ट... तुमच्या आवाजात कॅसेट करूया का?”

“नाही. पुन्हा सांगेन, पण जिवंत माणसांना. आणि मोती कधी वाटाण्याएवढा असेल, कधी हरभऱ्याएवढा.”

“चालेल,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “त्या दिवशी मी कप्तानचं ऐकायला हवं होतं.” मी ‘हो’ म्हटलं. खोटा धीर द्यायची ती वेळ नव्हती.

व्हर्लिनने कॉरीनला टगबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बॅग पलंगाखाली आहे. एप्रिलपासून भरलेली.” त्यात तिने लोकरी मोजेसुद्धा घातले होते, एका हाताने घड्या केलेले. तो पलंगाच्या कडेवर बराच वेळ बसून राहिला म्हणे. सप्टेंबरमध्ये तो गेला. कॉरीनची धाकटी बहीण राहायला आली आणि मी आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं.

पहिला फोन नदीच्या खूप खालच्या अंगाला असलेल्या मेम्फिसहून आला. मी तिथेच होते. कॉरीनने उजव्या हाताने फोन कानाशी धरला. पलीकडे व्हर्लिन भडाभडा बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण तो एका जागी उभा राहून बोलत होता एवढं मला कळलं.

“बरं,” ती म्हणाली. “बरं. नाही, पडले नाही मी. जेवते. तू जेव.” तिने फोन ठेवला.

“आठवडाभर काय छान झोप लागली,” ती म्हणाली. “आता मात्र घर फारच शांत वाटतंय गं.”

तिच्या चांगल्या पायाची टाच जमिनीवर टकटक वाजत होती. ते तिलाही ऐकू आलं असावं. तिने पायाकडे पाहिलं.

“गाडी आणलीस ना?” तिने विचारलं. “मग उठव मला. कुठेही ने.”